पंधरा मिलिमीटरची किंमत

२०२४ सालचा रेझर ब्लेड १६ आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा ब्लेड १६ शेजारी शेजारी ठेवले, तर महागड्या गेमिंग लॅपटॉपचा धंदा कुठे चालला आहे ते लगेच कळते. जुना मिटल्यावर २२ मिलिमीटर जाड, वजनाला अडीच किलोच्या जरा खाली. आत इंटेलचा कोअर आय-नाइन १४९००एचएक्स हा २४ कोअरचा दांडगा प्रोसेसर आणि काढता-घालता येणाऱ्या रॅमच्या दोन पट्ट्या. नवा जेमतेम १५ मिलिमीटर, २.१४ किलोचा. त्यात एएमडीचा १२ कोअरचा, कमी वीज खाणारा प्रोसेसर आणि थेट बोर्डावर सोल्डर केलेली रॅम. जाडी एका वर्षात सात मिलिमीटरने उतरली. किंमत मात्र पातळ झाली नाही. या सात मिलिमीटरच्या मागे बराच हिशेब दडलेला आहे, आणि तीन लाखांच्या पुढची रक्कम मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दुकानात कोणी मांडून दाखवत नाही. या वर्गातल्या लॅपटॉपचे गुण खरे आहेत, त्यात जाहिरातीचा भाग थोडा. पण त्यांच्याबद्दलच्या तक्रारी त्या गुणांच्याच पोटातून जन्मतात. म्हणून जास्त पैसे मोजल्याने गुण वाढतात आणि तक्रारी मात्र जागच्या जागी राहतात. तक्रारी कमी व्हायच्या तर आत जागा लागते, उघडून दुरुस्त करण्याची सोय लागते आणि वॉरंटीच्या कागदावर काय लिहिले आहे ते पाहावे लागते. या तिन्ही गोष्टी किंमतीच्या पाटीवर लिहिलेल्या नसतात.

आधी गुणांचे माप पदरात घालू, कारण ते नाकारून या यंत्रांचा विचार करणे लबाडीचे होईल. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत लॅपटॉपचा पडदा हा गेमिंगमधला कच्चा दुवा असे. आज वरच्या श्रेणीत २४० हर्ट्झचे ओलेड पडदे सर्रास मिळतात. काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि वेगाने पळणाऱ्या दृश्याच्या मागे शेपूट राहत नाही. ग्राफिक्स चिपमधले चित्र प्रोसेसरच्या वळशाने न नेता थेट पडद्यावर पाठवणारा मक्स स्विच आता बहुतेकांत असतो, आणि त्याने मिळणारा वेग डोळ्यांना जाणवतो. एनव्हिडियाच्या डीएलएसएसमुळे कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र मोठे करून दाखवता येते, त्यामुळे मर्यादित वॅटमध्येही अवघड गेम सुरळीत चालतात. शिवाय हे यंत्र नुसते खेळायला घेणारे कमी. ब्लेंडरमध्ये थ्रीडी मॉडेल रेंडर करणारे, दा विंची रिझॉल्व्हमध्ये फोर-के फुटेज कापणारे, घरच्या घरी लहान भाषा-मॉडेल चालवून पाहणारे विद्यार्थी यांना एनव्हिडियाची कुडा ही प्रणाली चालवणारी चिप आणि भरपूर व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्सची मेमरी, लागते. आरटीएक्स ५०९० च्या लॅपटॉप आवृत्तीत ती २४ जीबी आहे. साध्या ऑफिस लॅपटॉपवर ही कामे धडपणे होत नाहीत. त्यात अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेले शरीर, एका बोटाने उघडणारे झाकण, दाबल्यावर न लवणारा कीबोर्ड. स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या करकरणाऱ्या प्लॅस्टिकपुढे हे सुख खोटे म्हणता येणार नाही. एकाच यंत्रावर दिवसभर काम आणि रात्री खेळ करणाऱ्याला, वसतिगृहाच्या खोलीत टेबलाची दीड फूट जागा वाट्याला आलेल्याला, महिन्यातून दोनदा गाव बदलणाऱ्याला डेस्कटॉप हा पर्याय नसतो.

पहिली गफलत नावापासूनच होते. आरटीएक्स ४०९० हे नाव डेस्कटॉपच्या कार्डालाही होते आणि लॅपटॉपच्या चिपलाही. डेस्कटॉपच्या कार्डात १६,३८४ कुडा कोअर, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटची भूक. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर, १६ जीबी मेमरी, आणि कमाल १५० वॅट, फार तर वरचे २५. म्हणजे डेस्कटॉपच्या ४०८० ला जी चिप होती तीच, वीज कापून, वरच्या नावाने. ५०९० मध्ये दरी आणखी रुंदावली: डेस्कटॉपला २१,७६० कोअर आणि ५७५ वॅट, लॅपटॉपला १०,४९६ कोअर. देवगड हापूसचे लेबल लावलेल्या पेटीत दुसऱ्याच मुलखाचा आंबा निघावा तसे हे. आंबा गोड असेलही, पण दर देवगडचा लागला. कंपनी पुढे ‘लॅपटॉप जीपीयू’ अशी शेपटी जोडते, हे खरे. ती विक्रेत्याच्या तोंडी येत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की एकाच नावाची चिप एका लॅपटॉपात ८० वॅटवर चालते आणि दुसऱ्यात १५० वर. २०१७ मध्ये एनव्हिडियाने कमी वॅटच्या चिपांना ‘मॅक्स-क्यू’ असे वेगळे नाव तरी दिले होते. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेबरोबर नावातली ती खूण गेली, आणि वॅटचा आकडा तपशिलाच्या पानात शोधण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर आली. त्यामुळे जाड आणि थोड्या स्वस्त लॅपटॉपमधली ४०८० ही पातळ आणि महागड्या लॅपटॉपमधल्या कमी वॅटच्या ४०९० च्या बरोबरीने पळते, असा प्रकार अगदी शक्य असतो.

ही कापाकापी जाडीसाठी होते. रेझरने २०११ मध्ये पहिला ब्लेड जाहीर केला तेव्हा गेमिंग लॅपटॉप म्हणजे चार-पाच किलोचे धूड, मागून दोन मोठ्या खिडक्या आणि उशीएवढी जाडी, हे ठरलेले होते. २०१३ च्या १४ इंची ब्लेडने सतरा मिलिमीटरच्या आत गेमिंग चिप बसवून दाखवली. २०१७ मध्ये असूसच्या झेफिरसने जीटीएक्स १०८० अठरा मिलिमीटरच्या आत घातली, त्यासाठी झाकण उघडताच तळ मागून उचलला जाऊन हवेला फट मिळेल अशी रचना केली आणि कीबोर्ड पुढे ढकलून मागची अर्धी जागा थंडाव्यासाठी मोकळी सोडली. अभियांत्रिकी म्हणून हे कौतुकाचेच. पण त्या दिवसापासून या वर्गाची स्पर्धा वेगाऐवजी घनतेवर सुरू झाली. तेवढेच वॅट, कमी जागेत. लॅपटॉप जितकी वीज खातो तितकी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, त्यात सूट नाही. ग्राफिक्सचे १७५ आणि प्रोसेसरचे पन्नास-साठ धरले तर सव्वादोनशे वॅटच्या पुढची उष्णता दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या डब्यातून, दोन-तीन पातळ पंख्यांनी, अखंड काढावी लागते.

इथे आपल्याकडच्या हवेचा प्रश्न येतो, आणि परदेशी परीक्षणांत तो नसतो. बहुतेक चाचण्या २२ ते २५ अंशांच्या खोलीत होतात. प्रोसेसरची कमाल मर्यादा साधारण १०० अंश असते. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग उतरवतो, ज्याला सगळे ‘थ्रॉटल होतो’ म्हणतात. उष्णता बाहेर जाण्याचा वेग हा आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. खोली २२ अंशांची असेल तर फरक ७८ अंशांचा. मे महिन्यात नागपूर, अकोला किंवा जळगावात वातानुकूलन नसलेल्या खोलीत तापमान ४२ वर गेले, तर उरतात ५८. पंखे तेच, तांबे तेच, पण बाहेर जाणारी उष्णता ढोबळमानाने पाव हिश्श्याने घटली. जाड लॅपटॉपात थंडाव्याची थोडी शिल्लक ठेवलेली असते, ती अशा वेळी कामी येते. पातळ यंत्र २२ अंशांच्या खोलीतच मर्यादेला टेकलेले असते, त्याच्याकडे शिल्लक कसली? म्हणून परीक्षणातल्या आलेखात चार टक्क्यांनी पुढे असलेला लॅपटॉप विदर्भातल्या उन्हाळ्यात मागे पडला, तर त्यात नवल नाही. कोणी म्हणेल, एवढे पैसे देणाऱ्याच्या घरी एसी असणारच. असेलही. पण एसीची गरज पडणारे यंत्र आणि एसीशिवाय चालणारे यंत्र यांच्या विश्वासार्हतेत फरक आहे, एवढे मान्य करायला हवे.

उष्णतेशी झगडताना उत्पादकांनी जे उपाय काढले त्यांचीही स्वतःची दुखणी आहेत. चिप आणि तांब्याच्या पट्टीमध्ये नेहमीची पेस्ट न लावता असूसने २०१९-२० पासून आरओजी मालिकेत द्रवरूप धातू वापरायला सुरुवात केली. गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचे हे मिश्रण पेस्टच्या कितीतरी पट चांगले उष्णतावाहक. पण ते वीजवाहकही आहे आणि अॅल्युमिनियम खाते. त्याभोवती फोमचे कुंपण घालावे लागते, आणि ते ओघळून चिपचा एखादा कोपरा कोरडा पडला की एका कोअरचे तापमान बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस अंश वर दिसू लागते. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने सवयीने पेस्ट बदलायला खोलले आणि कापसाने पुसताना थेंब बाजूच्या कॅपॅसिटरवर गेला, तर बोर्ड गेलाच समजा. लेनोव्होने लीजनमध्ये हनीवेलची पीटीएम ७९५० ही गरम झाल्यावर मऊ होणारी पट्टी वापरली, ती आकड्यांत किंचित मागे, पण वर्षानुवर्षे जागेवर राहते. हा निर्णय मला जास्त शहाणपणाचा वाटतो, जरी त्याने जाहिरातीला चमचमीत वाक्य मिळत नाही. दुसरे दुखणे धुळीचे. पातळ यंत्रात पंख्याची पाती आणि उष्णता सोडणाऱ्या पत्र्यांच्या फटी इतक्या बारीक कराव्या लागतात की कपड्यांची लव आणि धूळ यांचा थर पत्र्यांच्या आतल्या तोंडाशी जाजमासारखा बसतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट आत दाबला जातो. तळाची झडप उघडून, पंखा बोटाने धरून मग हवा मारावी लागते. वर्षातून दोनदा, रस्त्यालगतच्या घरात जास्त वेळा. किती मालक हे करतात?

मग बॅटरी, आणि या वर्गातल्या तक्रारींत सगळ्यात ठळक तीच. विमानप्रवासाच्या नियमांनुसार १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी परवानगी न घेता नेता येते, म्हणून वरच्या लॅपटॉपांची बॅटरी ९० ते ९९.९ वॅट-तासांवर अडते. गेम चालू असताना यंत्र अडीचशे वॅट खात असेल तर हा साठा पंचवीस मिनिटेही पुरायचा नाही. आणि तेवढी वीज एकदम द्यायला बॅटरी तयारही नसते, म्हणून चार्जर काढला की ग्राफिक्सचा वेग मुद्दाम पाडला जातो. परिणामी गेमिंग लॅपटॉप आयुष्याचा बहुतेक काळ चार्जरला जोडलेला, बॅटरी शंभर टक्के भरलेली आणि शेजारी तापलेले तांबे अशा अवस्थेत काढतो. लिथियम-आयन पेशीला याहून वाईट वागणूक देणे कठीण. भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत आतले इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू तयार होतो, आणि पातळ पिशवीतली पेशी फुगते. रेझर ब्लेडच्या बाबतीत ही तक्रार इतकी गाजली की या मालिकेचे नाव काढले की बॅटरीचा विषय निघतोच. कंपनी लॅपटॉपला एक वर्षाची आणि बॅटरीला दोन वर्षांची वॉरंटी देते. पण फुगणे ही एका कंपनीची मक्तेदारी नाही, पातळ गेमिंग लॅपटॉपच्या शरीररचनेतच ती जोखीम आहे. तिची पहिली खूण फार साधी असते: ट्रॅकपॅड दाबताना ‘टक’ होणे बंद होते, कारण खालून बॅटरी त्याला टेकू देत असते. मग तळहाताखालच्या पत्र्याची कड अर्धा मिलिमीटर उचललेली दिसते, आणि टेबलावर ठेवलेला लॅपटॉप एका कोपऱ्यावर डुगडुगतो. इथपर्यंत आले की तो वापरणे थांबवून बॅटरी काढूनच घ्यायला हवी. टोचून हवा सोडण्याचे उद्योग करणारे महाभाग असतात, ते थेट आगीला आमंत्रण. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता बहुतेक सगळ्या कंपन्या देतात. ती मुळातून सुरू ठेवलेली का येत नाही, याचे उत्तर सोपे आहे. डब्यावर छापलेले तास मग कमी भरतील.

उष्णतेचे दुसरे, हळू चालणारे काम म्हणजे थकवा. तापणे आणि गार होणे यांच्या प्रत्येक फेऱ्यात चिपखालचे सोल्डरचे सूक्ष्म मणी ताणले जातात. हा निव्वळ सिद्धान्त नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या जोडणीच्या साहित्यात दोष असल्याचे मान्य करून दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. डेल आणि एचपीने बायोसमध्ये बदल करून पंखे जास्त वेळ फिरवायला लावले, म्हणजे तापण्या-गार होण्याचे हेलकावे कमी होतील. अॅपलनेही त्या काळच्या मॅकबुक प्रोची दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने केली. २०१० मध्ये ग्राहकांच्या सामूहिक दाव्यावर अमेरिकेत तडजोड झाली. आजच्या चिपांत तेच साहित्य नाही, तोच दोष पुन्हा येईल असे म्हणण्याला आधार नाही. पण त्या प्रकरणातली एक गोष्ट आजही लागू आहे: दोष विकत घेताना दिसला नाही, अनेकदा पहिल्या वर्षातही दिसला नाही, आणि दिसला तेव्हा महागडी यंत्रेही त्यातून सुटली नव्हती.

आता पुराव्याकडे वळू, कारण इथेच आक्षेप घेणारे बरोबर बोट ठेवतात. इंटरनेटवर रडगाणे गाणारेच बोलतात, सुखी मालक गप्प असतो, मग फुगलेल्या बॅटरीचे शंभर फोटो पाहून निष्कर्ष कसा काढायचा? आक्षेप रास्त आहे. लाखो यंत्रे विकली गेली असतील तर शंभर फोटो म्हणजे काहीच नव्हे. मात्र त्याच तर्काने ‘माझा पाच वर्षे झाली, झकास चालतो’ हेही बाद होते, आणि दुकानदाराचे ‘आमच्याकडे एकही परत आला नाही’ हे तर आधीच. यंत्र बिघडण्याचे खरे आकडे कंपन्यांकडे असतात आणि त्या ते देत नाहीत. बाहेरच्या माणसाला मिळालेला एक मोठा आकडा २००९ सालचा आहे. स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने तीस हजारांवर लॅपटॉपांचा हिशेब काढला, तेव्हा तीन वर्षांत साधारण ३१ टक्के यंत्रे बंद पडतील असे निघाले. शंभरातली सुमारे २० आतल्या बिघाडामुळे, उरलेली पडझड आणि सांडलवंडीमुळे. वॉरंटी विकणाऱ्याने बिघाडाचे आकडे छापले, तर त्याचा स्वार्थ लक्षात घेऊनच ते वाचावेत. तरी त्यातला एक तपशील मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षात स्वस्त नेटबुकांपैकी ५.८ टक्के बिघडले, मध्यम किंमतीच्या लॅपटॉपांपैकी ४.७ टक्के, आणि हजार डॉलरवरच्या महागड्यांपैकी ४.२ टक्के. मध्यम आणि महाग यांत फरक अर्ध्या टक्क्याचा. अहवाल जुना आहे, त्यात गेमिंगचा वेगळा रकाना नाही. पण महाग म्हणजे टिकाऊ या समजुतीला तो फारसा हातभार लावत नाही, आणि आजच्या गेमिंग लॅपटॉपवर पडणारा उष्णतेचा ताण त्या काळच्या महागड्या लॅपटॉपांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

विश्वासार्हता म्हणजे नुसते न बिघडणे नव्हे, बिघडल्यावर काय होते हेही तिच्यातच मोजायला हवे. या बाबतीत पातळ यंत्रांची बाजू लंगडी आहे. प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, तिची मेमरी, आणि आता रॅमसुद्धा एकाच बोर्डावर. असूसच्या झेफिरस जी१४ मध्ये २०२४ पर्यंत रॅमची निदान एक पट्टी बदलता येई, त्या वर्षी नवी, देखणी आवृत्ती आली आणि तीही सोय गेली. वीज सांभाळणारा बाजरीच्या दाण्याएवढा एखादा भाग जळला तरी अधिकृत सेवाकेंद्र अख्खा बोर्ड बदलायचे अंदाजपत्रक हातात देते, आणि वॉरंटी संपलेली असेल तर आकडा नव्या मध्यम लॅपटॉपच्या घरात जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये ‘चिप लेव्हल’चे काम करणारे कारागीर अशा बोर्डाला पुन्हा जीव आणतात, हे आपल्या बाजाराचे भाग्यच. पण त्यांनाही बोर्डाचा नकाशा आणि सुटे भाग लागतात, आणि दुर्मिळ, महाग मॉडेलचे ते सर्वांत अवघडपणे मिळतात. जास्त खपणाऱ्या मध्यम लॅपटॉपचा मोडका बोर्ड सुट्या भागांसाठी कोणाच्या तरी खणात पडलेला असतो. पावणेचार लाखांच्या लॅपटॉपचा तसा पडून नसतो. बदलण्याची सोय देऊ म्हणणाऱ्यांचा अनुभवही सरळ नाही. डेलने जानेवारी २०१९ मध्ये एलियनवेअर एरिया-५१एम आणला, बदलता येणारे ग्राफिक्स कार्ड हे त्याचे मुख्य आकर्षण. पुढच्या वर्षीची नवी कार्डे त्या यंत्रात बसली नाहीत, आणि २०२१ मध्ये फसवणुकीचा आरोप करत ग्राहक कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गेले. खाच असणे आणि त्या खाचेत घालायला काही मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळे बिघाड सोल्डरचेच असतात असेही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात एका जाणकार वापरकर्त्याने असूसच्या गेमिंग लॅपटॉपांमधल्या एका जुन्या त्रासाचे मूळ शोधून जाहीर केले. काही मॉडेलांत दर थोड्या सेकंदांनी आवाज तुटे, माऊस अडखळे, आणि लोक विंडोज पुन्हा टाकून, ड्रायव्हर बदलून थकले होते. दोष निघाला तो फर्मवेअरमध्ये. प्रोसेसरला तातडीच्या कामासाठी हाक मारणाऱ्या भागातच थांबून राहण्याच्या सूचना लिहिलेल्या होत्या, त्यामुळे बाकी सगळे काम त्या क्षणापुरते अडून राही. असूसने दोष मान्य करून बायोसच्या सुधारित आवृत्त्या द्यायला सुरुवात केली. तांबे, पडदा, पत्रा सगळे अव्वल, आणि चार ओळींच्या गचाळ प्रोग्रॅममुळे लाखांचे यंत्र अडखळते. याची भरपाई वॉरंटीत कुठे बसते? सेवाकेंद्रात नेले तर तिथला माणूस यंत्र सुरू करतो, पाच मिनिटे पाहतो आणि जॉब शीटवर ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून परत देतो.

वॉरंटीचा मुद्दा त्यामुळे चिपच्या नावाइतकाच बारकाईने पाहण्याचा आहे. मे २०२४ मध्ये गेमर्स नेक्सस या यूट्यूब वाहिनीने असूसचा आरओजी अॅलाय हा हातातला गेमिंग संगणक जॉयस्टिकच्या बिघाडासाठी वॉरंटीत पाठवला, तेव्हा बाहेरच्या बारीकशा खुणेसाठी जवळपास २०० डॉलर मागितले गेले. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि दुरुस्तीची पद्धत बदलण्याचे कबूल केले. तो लॅपटॉप नव्हता आणि घटना अमेरिकेतली आहे, हे लक्षात घेऊनही त्यातून एवढे दिसते की वॉरंटीची लांबी आणि तिची दानत या भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडे आणखी एक वाट आहे. अमेरिकेहून किंवा दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून लॅपटॉप मागवायचा. प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्क न भरता आणता येतो, आणि किंमतीतला फरक मोहात पाडणारा असतो. ज्या कंपनीची वॉरंटी देशापुरती असते किंवा ज्या मॉडेलचे सुटे भाग भारतात येतच नाहीत, तिथे तो फरक पहिल्याच बिघाडात वसूल होतो. उलट काही कंपन्या भारतात घरी येऊन दुरुस्ती करणारी तीन वर्षांची वॉरंटी विकतात. लॅपटॉपच्या किंमतीच्या दहा-बारा टक्क्यांत ती मिळत असेल, तर एक पायरी खालची चिप घेऊन तो पैसा वॉरंटीत घालणे हा माझ्या मते या वर्गातला सर्वांत चांगला सौदा. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी पोर्टलही सुरू केले. त्याचा उपयोग माहितीपुरता. बोर्डाचा नकाशा द्यायला तो कोणाला भाग पाडत नाही.

एवढ्यावर कोणी म्हणेल की मग डेस्कटॉपच घ्यावा. ज्याला घेता येतो त्याने जरूर घ्यावा, त्यात वाद नाही. पण ज्याला लॅपटॉपच लागतो त्याला हे उत्तर म्हणजे प्रश्न टाळणे होय. दुसरा आक्षेप अधिक पक्का आहे: एवढे पैसे मोजणारा गडी तीन वर्षांत नवा घेतो, पाचव्या वर्षी काय होईल याची त्याला फिकीर कशाला? पहिल्या मालकापुरते हे खरे धरू. पण आपल्या बाजारात तो लॅपटॉप चौथ्या वर्षी दुसऱ्याच्या हाती जातो, आणि फुगलेली बॅटरी, वाळलेली पेस्ट, संपलेली वॉरंटी ही सगळी त्याच्या वाट्याला येते. त्यामुळे जुन्याचा भाव उतरतो, म्हणजे पहिल्या मालकाचाही तोटा होतोच. तिसरे म्हणणे असे की महागड्या यंत्रांतही जाड, प्रशस्त पर्याय आहेत. अगदी बरोबर, आणि माझा कौल तिकडेच आहे. लीजन प्रो ७ मालिका अडीच किलोच्या पुढची, एमएसआयचा टायटन १८ तर साडेतीन किलोच्याही वर, सोबत ४०० वॅटचा चार्जर. ती यंत्रे दिसायला डौलदार नाहीत, पिशवीत जड लागतात, पंखे त्यांचेही घोंघावतात. पण तीच चिप पूर्ण वॅटवर चालते, रॅम आणि साठवण बदलता येते, आणि तळ उघडल्यावर हात घालायला जागा असते. पातळ यंत्र घेणाऱ्याला मूर्ख म्हणण्याचे कारण नाही. रोज पाठीवर वाहणाऱ्याला अर्धा-पाऊण किलो म्हणजे पुष्कळ झाले. त्याने एवढेच समजून घ्यावे की तो वेग विकत घेत नसून हलकेपणा घेतो आहे, आणि त्याची किंमत तो दोनदा भरतो, एकदा दुकानात आणि एकदा वॅटमध्ये.

एक व्यावहारिक बाब राहिली, ती खरेदीच्या वेळेची. महागडे लॅपटॉप आपल्याकडे बहुतेक दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये घेतले जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा सुखाची, यंत्र नवे, पेस्ट ताजी, पंख्यात धूळ नाही. सगळे छान वाटते. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते, तोवर परत करण्याची मुदत केव्हाच उलटलेली आणि एक वर्षाच्या वॉरंटीपैकी अर्धे वर्ष गेलेले. म्हणून बदलून मिळण्याच्या पहिल्या आठवड्यातच ही परीक्षा आधी ओढून घ्यावी. खोलीतला एसी आणि पंखा बंद, लॅपटॉप टेबलावर, सर्वांत जड गेम तासभर सलग. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवून तीन आकडे लिहून काढावेत: ग्राफिक्स चिप शेवटच्या दहा मिनिटांत किती वॅटवर टिकली, प्रोसेसरच्या सर्वांत गरम आणि सर्वांत गार कोअरमध्ये किती अंशांचा फरक पडला, आणि बॅटरी चार्जर लावलेला असतानाही उतरली का. वॅटचा आकडा छापील तपशिलाच्या बराच खाली असेल, किंवा कोअरमधला फरक वीस अंशांच्या वर असेल, तर त्या पडद्याचा फोटो काढून त्याच दिवशी बदली मागावी. मार्चनंतर सेवाकेंद्रात गेल्यावर तीच तक्रार ‘उन्हाळ्यात सगळेच तापतात’ या वाक्याने बाजूला सारली जाते.